आता थांबा, हे सांगायचं कोणी?

२०२४ची भाऊबीज रविवारी आली, ३ नोव्हेंबरला. दिवाळीला विजयदुर्गात आलेले चाकरमानी अजून परतीच्या गाडीला लागले नव्हते. बहिणीकडे जायचं होतं, ओवाळणीची पाकिटं तयार होती, पण सकाळी साडेनऊपासून बरीचशी पुरुषमंडळी टीव्हीसमोरून हलायला तयार नव्हती. वानखेडेवर भारताला न्यूझीलंडविरुद्ध जिंकायला १४७ धावा हव्या होत्या. खेळपट्टी फिरत होती हे खरं, पण १४७ म्हणजे काही डोंगर नव्हे. दुपारपर्यंत सामना खिशात घालून जेवायला बसू, असा सगळ्यांचा हिशेब होता.

रोहित शर्मा ११ धावा करून मॅट हेन्रीला पुल मारायला गेला आणि झेल देऊन परतला. मग शुभमन गिल, विराट कोहली, यशस्वी जैस्वाल, सर्फराज खान. आठव्या षटकात भारत ५ बाद २९. ऋषभ पंतनं ५७ चेंडूंत ६४ धावा ठोकून तासभर आशा जागती ठेवली. तो गेला आणि सगळं संपलं. १२१वर डाव आटोपला, पराभव २५ धावांनी. एजाज पटेलनं सामन्यात ११ बळी घेतले. हा एजाज जन्मानं मुंबईकर, आणि याच मैदानावर डिसेंबर २०२१ मध्ये त्यानं एका डावात दहाच्या दहा बळी घेतले होते.

बंगळुरू, पुणे आणि मुंबई, तिन्ही कसोटी हरलो होतो. बंगळुरूला पहिल्या डावात सगळा संघ ४६मध्ये गारद झाला. पुण्याला गहुंजेच्या मैदानावर मिचेल सँटनरनं १३ बळी घेतले आणि ११३ धावांनी हरवलं. डिसेंबर २०१२ नंतर मायदेशात भारत एकही कसोटी मालिका हरला नव्हता, सलग १८ मालिका जिंकल्या होत्या. तीन किंवा अधिक कसोटींच्या मालिकेत घरच्या मैदानावर सगळेच्या सगळे सामने हरण्याची वेळ तर भारतावर पहिल्यांदाच आली होती.

संध्याकाळी धक्क्यावर याखेरीज दुसरा विषय नव्हता. किल्ल्याच्या तटाखाली ट्रॉलर लागलेले, कुणी जाळी शिवत बसलेलं, कुणी बहिणीकडून ओवाळून घेऊन कपाळावरचा टिळा तसाच ठेवून आलेलं. आणि वाद. कोकणात क्रिकेटवरचा वाद ऐकायचा असेल तर दिवाळीत ऐकावा. गावची मंडळी आणि मुंबईची मंडळी एकत्र असतात, पिढ्या एकत्र असतात, आणि कुणालाच कुठे जायची घाई नसते.

मुंबईहून आलेल्या एका तरुणानं तोंड फोडलं, "सगळ्यांका आता घराक बसवूक व्हया." सगळे म्हणजे कोण, ते कुणी विचारलं नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊक होतं. रोहित ३७ वर्षांचा, कोहली दोन दिवसांनी ३६चा होणार, आर. अश्विन ३८चा, रवींद्र जडेजा ३६ला टेकलेला. रोहितनं या मालिकेत सहा डावांत ९१ धावा केल्या होत्या, कोहलीनं ९३. आकडे तोंडपाठ करूनच मुलगा आला होता.

त्याला उत्तर दिलं ते त्याच्याच काकांनी. "चार म्हयन्यांआधी वर्ल्ड कप हाडल्यान तेव्हा डोक्यार घेवन नाचलास, आता काय झाला?" यात तथ्य होतं. २९ जून २०२४ला बार्बाडोसमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून ४ जुलैला हाच संघ मरीन ड्राइव्हवर आला, तेव्हा रस्ता दिसत नव्हता इतकी माणसं लोटली होती. त्या गर्दीत हा पुतण्याही होता, आणि त्यानं ते नाकारलं नाही. तो म्हणाला, टी-ट्वेंटी वेगळं आणि कसोटी वेगळी. तेही खरंच होतं.

जडेजाला या यादीत घालू नका, असं तिसरा म्हणाला. वानखेडेवर त्यानं दोन्ही डावांत पाच-पाच बळी घेतले होते. वयाची रेघ ओढली तर त्या दिवशीचा सगळ्यात चांगला भारतीय गोलंदाज घरी जातो आणि २२ वर्षांचा जैस्वाल, २५ वर्षांचा गिल राहतात, ज्यांच्या दुसऱ्या डावात धावा होत्या अनुक्रमे ५ आणि १. वाद इथे जरा अडखळला. एक वयस्कर गृहस्थ, ज्यांची सगळी उमर होडीवर गेली, ते इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "तांडेलाचा वय कोण इचारता? दर्याचो अंदाज चुकूक लागलो की मगे बघूचा." आणि त्यांच्या शेजारी बसलेल्यानं लगेच विचारलं, "पण चुकूक लागलो ह्यां तेका सांगतलो कोण?"

मला त्या संध्याकाळच्या सगळ्या वादात हा एकच प्रश्न कामाचा वाटला. भारतीय खेळात म्हातारे खेळाडू फार आहेत अशी माझी तक्रार नाही. उतरत्या वयातल्या खेळाडूला समोर बसवून, डोळ्यांत बघून, 'अमुक महिन्यापर्यंत तुझा विचार आहे, त्यानंतर नाही' असं सांगण्याची रीत आपल्याकडे बसलेली नाही. मग एक तर त्याला गुपचूप काढलं जातं, नाही तर कुणाची हिंमत होत नाही म्हणून तो खेळत राहतो. दोन्ही प्रकारांत भरडला जातो तो खेळाडू आणि त्याच्यामागे रांगेत उभा असलेला पोरगा. महाराष्ट्रानं तरी हे इतक्या वेळा पाहिलंय की आता पाठ व्हायला हवं होतं.

अजित वाडेकरांपासूनच बघा. जानेवारी १९७१ मध्ये विजय मर्चंट निवड समितीचे अध्यक्ष असताना त्यांच्या निर्णायक मतानं मन्सूर अली खान पतौडींच्या जागी वाडेकर कर्णधार झाले. त्याच वर्षी वेस्ट इंडीजमध्ये मालिका जिंकली, इंग्लंडमध्ये मालिका जिंकली. त्याआधी या दोन्ही देशांत भारतानं मालिका कधी जिंकली नव्हती. १९७२-७३ला इंग्लंडला घरी २-१ हरवलं. इंदूरमध्ये विजयाचं स्मारक म्हणून काँक्रीटची प्रचंड बॅट उभी राहिली, तिच्यावर खेळाडूंची नावं कोरली गेली. मग १९७४चा इंग्लंड दौरा आला. तिन्ही कसोटी हरलो, लॉर्ड्सवर दुसऱ्या डावात ४२ धावांत सगळे बाद. इंदूरच्या त्या बॅटीची लोकांनी विटंबना केली. वाडेकरांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळण्यात आलं. त्यांनी निवृत्ती जाहीर केली तेव्हा ते ३३ वर्षांचे होते.

विजयदुर्गातले एक निवृत्त शिक्षक तेव्हा शाळकरी होते. रेडिओवरच्या बातम्यांत ४२ हा आकडा ऐकला, तेव्हा निवेदकाचीच काही चूक झाली असेल असं घरात सगळ्यांना वाटलं, असं ते सांगतात. त्यांच्या वडिलांनी दुसऱ्या दिवशी आलेला पेपर हातात घेतला नाही. "आम्ही तेव्हा वाडेकरांना शिव्या दिल्या," असं ते मला म्हणाले. "इतक्या दिल्या की पुढे त्यांचं नाव निघालं की मला लाज वाटायची. तीन वर्षांत तीन मालिका जिंकलेला माणूस, आणि आम्ही त्याला एका उन्हाळ्यात संपवला." या गृहस्थांना रोहितबद्दल बोलवत नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की काढायचं असेल तर काढा, पण नीट काढा.

वाडेकर पुढे भारतीय संघाचे व्यवस्थापक म्हणून परतले आणि १९९३ मध्ये इंग्लंडला घरच्या मैदानावर ३-० हरवणारा संघ त्यांच्या देखरेखीखाली खेळला. क्रिकेटला देण्यासारखं त्यांच्याकडे आणखी किती होतं, ते तेव्हा कळलं.

हॉकीची गोष्ट याहून दुखरी आहे. आणि ती आपल्या खडकीची आहे. धनराज पिल्ले पुण्याजवळच्या खडकीत, दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढला. मोडलेल्या हॉकी स्टिका दोरीनं बांधून पोरं खेळायची, त्यांतला तो एक. पुढे मुंबईला मोठ्या भावाकडे आला, महिंद्रकडून खेळला, आणि १९८९ला भारताकडून उतरला तो २००४पर्यंत. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा, चार चॅम्पियन्स करंडक. असा खेळाडू जगात दुसरा दाखवता येणार नाही.

चर्चगेटच्या हॉकी मैदानावर धनराजला खेळताना पाहिलेली माणसं कोकणातही आहेत. मुंबईत नोकरी करून गावी परतलेल्या एकानं मला त्याची धाव वर्णन करून सांगितली: उजव्या बगलेकडून चेंडू घेऊन निघाला की केस उडायचे, मधला बचावपटू आधी डावीकडे झुकायचा, आणि तोवर हा गेलेला असायचा. सांगताना ते उभे राहिले. सत्तरी ओलांडलेला माणूस अंगणात दोन पावलं पळाला. पुढे म्हणाले, "तसो परत झालो नाय."

डिसेंबर १९९८ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत धनराजच्या कर्णधारपदाखाली भारतानं सुवर्ण जिंकलं. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला पेनल्टी स्ट्रोकवर हरवलं, गोलरक्षक आशिष बल्लाळनं कमाल केली. आशियाई सुवर्ण तब्बल ३२ वर्षांनी आलं होतं, १९६६ नंतर. आणि लगेच पुढच्या, पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेत धनराज नव्हता. बल्लाळ नव्हता. बँकॉकमध्ये जिंकलेले सहा-सात ज्येष्ठ खेळाडू नव्हते. भारतीय हॉकी महासंघाचं स्पष्टीकरण होतं की त्यांना विश्रांती दिली आहे. जिंकून आलेल्या कर्णधाराला न मागता विश्रांती! खेळाडूंनी पैशांबद्दल आणि सोयींबद्दल तक्रारी केल्या होत्या, त्याचा हा हिशेब, असंच लोक तेव्हा समजले, आणि आजही तसंच मानतात. धनराज पुन्हा संघात आला, कारण त्याच्यावाचून चालत नव्हतं. २००३ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली आशिया चषक जिंकला.

मग अथेन्स, २००४. धनराज ३६ वर्षांचा. स्पर्धेच्या तोंडावर प्रशिक्षक बदलून जर्मनीचे गेऱ्हार्ड राख आणले गेले. चौथं ऑलिंपिक खेळायला गेलेल्या या माणसाला तिथे मैदानावर फारच थोडा वेळ मिळाला. भारत सातवा आला. धनराजची कारकीर्द बाकावर संपली म्हटलं तरी चालेल. त्याच्या पायांत पूर्वीचा वेग उरला नव्हता, हे त्याचे चाहतेही मान्य करतील. पण मग त्याला न्यायचं कशाला होतं? आणि नेलं होतं तर काय कामासाठी नेलं आहे, हे त्याला आणि देशाला आधी सांगायला काय हरकत होती? चाहत्यांमध्ये दोन तट पडले आणि ते आजतागायत मिटलेले नाहीत. अंगणात पळून दाखवणारे ते गृहस्थ आणि त्यांचे मेहुणे या एका विषयावर वर्षानुवर्षं भांडत आले आहेत. मेहुण्यांचं म्हणणं, २००२ला, जास्तीत जास्त २००३ला, कप उंचावून धनराजनं थांबायला हवं होतं.

या मेहुण्यांच्या म्हणण्याला एक मोठी अडचण आहे. धनराज गेल्यानं पुढचं काही सुधारलं नाही. मार्च २००८ मध्ये चिलीतल्या सँटियागोला ऑलिंपिक पात्रतेच्या अंतिम सामन्यात भारत ग्रेट ब्रिटनकडून २-० हरला आणि १९२८ नंतर पहिल्यांदाच ऑलिंपिक हॉकीत भारत नव्हता. प्रशिक्षक होते मुंबईचेच जोकिम कार्व्हालो, ज्यांनी महिंद्रमध्ये धनराजला घडवलं होतं. त्यांनी राजीनामा दिला. ज्येष्ठांना काढलं की तरुण आपोआप उगवतात, हा समज सँटियागोनं कायमचा मोडायला हवा होता. मोडला नाही, ही गोष्ट वेगळी.

सचिनच्या बाबतीत उलट झालं. तिथे काढायला कुणी धजत नव्हतं. कोकणात 'आपलो सचिन' असंच म्हणतात, तेंडुलकर हे आडनाव इथल्याच मातीतलं, त्यामुळे हा विषय विजयदुर्गात अजूनही जपून काढावा लागतो. पण आकडे आकडेच असतात. जानेवारी २०११ला केपटाऊनमध्ये १४६ केल्यानंतर त्याचं एकही कसोटी शतक झालं नाही. इंग्लंडमध्ये ०-४, ऑस्ट्रेलियात ०-४, आणि २०१२च्या नोव्हेंबरात वानखेडेवर माँटी पानेसरनं त्याला दोन्ही डावांत आठ-आठ धावांवर बाद केलं. ती मालिकाही आपण हरलो. हीच ती डिसेंबर २०१२ची मालिका, जिच्यानंतर थेट २०२४ला घरच्या मैदानावर आपण पुन्हा मालिका हरलो.

त्या वेळी निवड समितीचे अध्यक्ष होते संदीप पाटील. पद सोडल्यावर २०१६ मध्ये एबीपी माझाला त्यांनी सांगितलं की १२ डिसेंबर २०१२ला समितीनं सचिनला भेटून पुढचा विचार काय, असं विचारलं होतं. निवृत्तीचा विचार नाही, असं तो म्हणाला. पण समितीचं एकमत झालं होतं आणि तसं मंडळाला कळवण्यातही आलं होतं. २३ डिसेंबरला सचिननं एकदिवसीय क्रिकेट सोडलं. तेव्हा सोडलं नसतं तर वगळावं लागलं असतं, असं पाटील म्हणाले.

पाटलांवर तेव्हा महाराष्ट्रात बरीच टीका झाली. विजयदुर्गातही झाली. मला ते वागणं आपल्या निवड समित्यांच्या इतिहासातल्या मोजक्या धीट वागण्यांपैकी एक वाटतं. सचिनसमोर बसून हा प्रश्न विचारणं किती अवघड असेल याची कल्पना करून बघा. शिवाजी पार्कवर खेळलेल्या माणसानं शिवाजी पार्कवर खेळलेल्या माणसाला विचारायचं होतं. विचारलं म्हणूनच पुढचं वर्ष नीट गेलं. सचिन ऑक्टोबर २०१३ मध्ये हरियाणातल्या लाहलीला मुंबईकडून रणजी सामना खेळला, चौथ्या डावात नाबाद ७९ करून मुंबईला जिंकून दिलं, आणि नोव्हेंबरात वानखेडेवर, आईच्या साक्षीनं, २००वी आणि अखेरची कसोटी खेळून ७४ धावा करून गेला. त्याच मालिकेतल्या पहिल्या कसोटीत, कोलकात्याला, एका नवख्या मुंबईकरानं पदार्पणात १७७ केल्या होत्या. तो रोहित शर्मा.

लाहली मला महत्त्वाची वाटते. बाजूला गाव, छोटं मैदान, हिरवी खेळपट्टी, समोर स्थानिक वेगवान गोलंदाज, आणि तिथे चाळिशीतला तेंडुलकर चौथ्या डावात तग धरून उभा. आपला अंदाज चुकतोय की नाही, हे खेळाडूला स्वतःला कळण्याची जागा अशीच असते. कसोटीपूर्वीच्या नेट्समध्ये ते कळत नाही, जाहिरातीच्या चित्रीकरणात तर नाहीच नाही.

२०२४च्या हरण्यामागचं खरं कारण इथे आहे, असं माझं मत आहे. न्यूझीलंड मालिकेच्या आधी सप्टेंबरात दुलीप करंडक होता. रोहित आणि कोहली खेळले नाहीत. रोहितनं मुंबईकडून शेवटचा रणजी सामना खेळला होता २०१५ मध्ये, कोहलीनं दिल्लीकडून २०१२ मध्ये. फिरत्या खेळपट्टीवर, जवळच्या क्षेत्ररक्षकांच्या घोळक्यात, तासन्‌तास फिरकी खेळायची सवय मोडली होती. आणि ही सवय मोडण्याचा वयाशी संबंध नाही, सर्फराजही त्या दिवशी एका धावेवर गेला.

एके काळी मुंबईचा फलंदाज घडायचा तो पद्माकर शिवलकरांसमोर. ५८९ प्रथम श्रेणी बळी, एकही कसोटी नाही. बिशनसिंग बेदींच्या काळात जन्माला आले एवढाच त्यांचा दोष. १९७२-७३च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर त्यांनी तामिळनाडूचे १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी घेतले होते. तेच शिवलकर निवृत्तीनंतर १९८७-८८ला, वयाच्या ४७व्या वर्षी, मुंबईनं बोलावलं म्हणून परत उतरले. वय झालेल्या खेळाडूचं काय करायचं, हे त्या वेळच्या मुंबईला नेमकं समजत होतं: त्याच्याकडून शिकायचं, त्याच्यासमोर खेळायचं, गरज पडली तर त्याला पुन्हा बोलवायचं. पावसाळ्यात कांगा लीगच्या ओल्या, बेभरवशाच्या खेळपट्ट्यांवर त्यांच्यासारख्यांची गोलंदाजी खेळून काढणारा पोरगा पुढे जगात कुठेही उभा राहायचा. शिवलकर ३ मार्च २०२५ला गेले. त्याच मोसमात मुंबईच्या मैदानांवर त्यांच्या तोडीच्या फिरकीसमोर भारताचे किती फलंदाज खेळले, याचा विचार निवड समितीनं करायला हवा.

ऑस्ट्रेलियात पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पर्थची कसोटी जसप्रीत बुमराच्या नेतृत्वाखाली जिंकली. मग रोहित आला आणि पाच डावांत ३१ धावा झाल्या. ब्रिस्बेनची कसोटी अनिर्णित राहिली त्या दिवशी, १८ डिसेंबरला, अश्विननं मालिकेच्या मध्यावर निवृत्ती जाहीर केली, ५३७ बळी घेतलेला गोलंदाज असा एका पत्रकार परिषदेत निघून गेला. सिडनीला रोहित स्वतःहून संघाबाहेर बसला. मी निवृत्त होत नाही, माइक आणि लॅपटॉप घेऊन बसलेल्यांनी माझं भविष्य ठरवू नये, असं त्यानं सामन्यादरम्यान मुलाखतीत सांगितलं. मालिका गेली. त्यानंतर मंडळानं नियम केला, देशांतर्गत खेळा. २३ जानेवारी २०२५ला रोहित वांद्रे-कुर्ला संकुलात जम्मू-काश्मीरविरुद्ध मुंबईकडून उतरला, ३ आणि २८ करून परतला, मुंबई हरली. हीच गोष्ट सप्टेंबरात झाली असती तर?

७ मे २०२५ला रोहितनं समाजमाध्यमावर कसोटीच्या टोपीचं छायाचित्र टाकून कसोटी सोडली. ६७ कसोटी, ४३०१ धावा, १२ शतकं. पाच दिवसांनी कोहली. दोघांनाही पांढऱ्या कपड्यांत अखेरचा सामना म्हणून असा सामना लाभला नाही. दोन महिन्यांपूर्वीच, ९ मार्चला, दुबईत चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात याच न्यूझीलंडविरुद्ध रोहितनं ७६ धावा करून कप जिंकून दिला होता.

मला मार्च २०२४चं वानखेडे आठवतं. रणजीचा अंतिम सामना, मुंबई विरुद्ध विदर्भ. धवल कुलकर्णीनं आधीच जाहीर केलं होतं की हा शेवटचा सामना. वय ३५. पहिल्या डावात त्यानं तीन बळी घेतले. अखेरच्या दिवशी विदर्भाचा शेवटचा गडी उरला तेव्हा कर्णधार अजिंक्य रहाणेनं चेंडू त्याच्या हाती दिला आणि धवलनं उमेश यादवचा त्रिफळा उडवला. मुंबईचं ४२वं विजेतेपद. याहून चांगला निरोप कुठला? आणि तो घडला, कारण कधी थांबायचं ते आधी ठरलं होतं, सगळ्यांना ठाऊक होतं. रहाणेनं स्वतःही ऑगस्ट २०२५ मध्ये नवा कर्णधार घडवायची वेळ आली म्हणून मुंबईचं कर्णधारपद सोडलं, खेळणं मात्र चालू ठेवलं.

हॉकीनंही अथेन्सपासून काही तरी शिकून घेतलं. पॅरिस ऑलिंपिकच्या आधीच, जुलै २०२४ मध्ये, गोलरक्षक पी. आर. श्रीजेशनं ही आपली शेवटची स्पर्धा असं सांगून टाकलं. तोही ३६ वर्षांचा, अथेन्समधल्या धनराजच्याच वयाचा. उपांत्य फेरीत जर्मनीकडून ३-२ हरल्यावर ८ ऑगस्टला स्पेनला २-१ हरवून कांस्य मिळालं, श्रीजेश शेवटच्या मिनिटापर्यंत गोलात उभा होता. हॉकी इंडियानं त्याचा १६ क्रमांक राखून ठेवला आणि त्याला कनिष्ठ संघाचा प्रशिक्षक केलं. महिलांच्या संघाकडे मात्र इतकी मायेची नजर वळली नाही. टोकियोत संघाला चौथ्या स्थानापर्यंत नेणारी कर्णधार राणी रामपाल पुढे दुखापती आणि वगळणं यांत अडकली, संघ रांचीत जपानकडून हरून पॅरिसला मुकला, आणि २४ ऑक्टोबर २०२४ला, वयाच्या २९व्या वर्षी, राणी निवृत्त झाली. त्याच दिवशी सकाळी गहुंजेला न्यूझीलंडविरुद्धची कसोटी सुरू झाली होती. धक्क्यावरच्या वादात तिचं नाव कुणी घेतलं नाही.

विजयदुर्ग परिसरात भात कापून मळे रिकामे झाले की टेनिस बॉलच्या स्पर्धांची तयारी लागते. एका वाडीच्या संघात वर्षानुवर्षं सलामीला जाणारे एक गृहस्थ आहेत, आता पन्नाशीकडे झुकलेले. मागे एका मोसमाच्या आधी पोरांनी त्यांना देवळात बैठकीला बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, दादा, यंदा सलामीला तुम्ही नको, पण संघ तुम्ही निवडायचा. ते दोन महिने कुणाशी धड बोलले नाहीत. मग संघ निवडायला बसले, आणि आजही तेच निवडतात. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "वायट वाटला. पण तोंडार सांगल्यानी, ह्यां बरा केल्यानी."

१६ मे २०२५ला वानखेडेवर नव्या नावांच्या स्टँडचं उद्घाटन झालं. एका स्टँडला नाव रोहित शर्माचं, एकाला अजित वाडेकरांचं. रोहितला कसोटी सोडून नऊ दिवस झाले होते. वाडेकर २०१८ मध्येच गेले होते.

कसोटी संघ शुभमन गिलच्या हाती आला. इंग्लंडमध्ये त्यानं मालिका २-२ राखली, ओव्हलला अखेरची कसोटी सहा धावांनी जिंकली, आणि 'सगळ्यांका घराक बसवा' म्हणणाऱ्या मुलाला वाटलं की आपण बरोबर होतो. मग नोव्हेंबर २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिका आली. ईडन गार्डन्सवर १२४चं लक्ष्य होतं, आपण ९३वर बाद झालो. गुवाहाटीत ४०८ धावांनी हरलो, धावांच्या फरकानं भारताचा आजवरचा सगळ्यात मोठा पराभव. रोहित नव्हता, कोहली नव्हता, अश्विन नव्हता. पुन्हा फिरकीपुढेच लोटांगण, पुन्हा घरीच. सायमन हार्मरनं एकट्या कोलकात्याला आठ बळी घेतले.

गुवाहाटीत हरलो त्या रात्री त्या मुलाला काकांनी विजयदुर्गाहून मुंबईला फोन लावला. "आता कोणाक काढतास?" मुलानं थोडा वेळ काही उत्तर दिलं नाही आणि मग विषय बदलून २०२७च्या एकदिवसीय विश्वचषकावर नेला. तो दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि नामिबियात आहे. तोवर रोहित चाळिशी ओलांडेल. ऑक्टोबर २०२५ मध्ये एकदिवसीय संघाचंही कर्णधारपद त्याच्याकडून काढून गिलला दिलं, आणि त्याच महिन्यात सिडनीत त्यानं नाबाद १२१ केल्या. आता त्याला न्यायचं की नाही? काका म्हणाले न्या, पुतण्या म्हणाला नको. पण या वेळी दोघांचंही एका गोष्टीवर जमलं: जे काय असेल ते निवड समितीनं त्याला बोलावून, समोर बसवून, वेळेत सांगावं, आणि तोवर त्यानं विजय हजारे करंडकाचे सामने मुंबईकडून खेळावेत.